बसच्या मागची गाडी

नागपूरहून खाप्याला जाणाऱ्या सकाळच्या बसचा कंडक्टर ताराचंद धकातेला चांगला ओळखत असे. तिकीट मात्र त्यानं त्याला कधी दिलं नव्हतं. बसमध्ये बसायची ती ताराचंदची बायको गोपिका, शेवटच्या बाकावर, मागच्या काचेपाशी. आणि ताराचंद त्या बसच्या मागून आपल्या चंदेरी गाडीनं यायचा. नवरा-बायको एकाच गावाला, एकाच घरी निघालेले. एक तिकीट काढून, दुसरा पेट्रोल जाळून.

नव्यानं पाहणाऱ्याला वाटे, भांडण झालं असेल. कंडक्टरनं एकदा विचारलंच, “ताई, भाऊ मांगून येऊन राहिले. तुम्ही काहून बसत नाही त्यायच्या गाडीत?”

“मले पोचाचं असते,” गोपिका म्हणाली.

अख्खी बस हसली. मागच्या काचेत एकदम दहा-बारा तोंडं वळलेली ताराचंदला दिसली. कशासाठी ते कळलं नाही, पण त्यानं हात हलवला.

ताराचंदचं नागपुरात सक्करदऱ्याला कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. होळीच्या आगेमागे त्याचा सीझन सुरू होतो आणि पाऊस पडेपर्यंत त्याला जेवायची फुरसत नसते. कूलरच्या जाळीदार ताट्यांमधलं कुजकं गवत काढायचं, नवं भरायचं, पंपातला गाळ उपसायचा, गळक्या टाकीला डांबर फासायचं. उरलेलं वर्ष पंप-पंख्यांच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून देण्यात जातं. कामाला चोख, बोलायला कमी. पण जुनी गाडी दिसली की त्याची अक्कल चरायला जाते, असं त्याची मुलगी पिंकी म्हणते, आणि ते खोटं नाही. नव्या गाडीची ऐपत नव्हती हे खरंच. शिवाय ज्याचा जन्म लोकांचे गंजलेले कूलर चालते करण्यात गेला, त्याला कुठलीच वस्तू मेलेली वाटत नाही.

पहिली गाडी आकाशी रंगाची होती. दलालानं बॉनेटवर हात ठेवून सांगितलं, “डॉक्टरची गाडी आहे. एकट्याच्याच हातची.” घरी आणल्यावर मागची सीट उचलून झाडली, तर खाली एका बँड पार्टीची दोनशे कार्डं आणि पिपाणीचं पितळी तोंड निघालं.

“डॉक्टर पेशंटले बाजा वाजवून झोपवत होता वाटते,” गोपिका म्हणाली.

तरी तिनं गाडीची पूजा यथासांग केली. हळद-कुंकू, नारळ, चार चाकांखाली चार लिंबं. त्या गाडीचा डावीकडचा दरवाजा आतून उघडत नसे. गाडी थांबली की ताराचंदला उतरून, वळसा घालून, बायकोसाठी दार उघडावं लागे. समोरच्या यमुताई गॅलरीतून हे पाहायच्या आणि आपल्या नवऱ्याला ऐकवायच्या, “पाहा, असं असते!” गोपिकानं त्यांना खरं कारण कधी सांगितलं नाही. उलट गाडी थांबली की ती जरा सावकाशच उतरायची.

दुसरी डिझेलची, मागून उघडणारी. तिनं आधी काय वाहिलं होतं ते उन्हाळ्यात कळलं. ऊन चढलं की आतून सुक्या मासळीचा वास यायचा आणि गल्लीतली मांजरं बॉनेटवर येऊन झोपायची. ती चावीनं सुरू होत नसे. उतारावर सोडून गिअर टाकावा लागे. आता नागपुरात उतार आणायचा कुठून? तलावाकडच्या रस्त्याला थोडासा आहे. ताराचंद रात्री गाडी तिथं उभी करून पायी घरी यायचा आणि सकाळी पायी जायचा. पिंकी तेव्हा शाळेत होती. ती मैत्रिणींना सांगायची, “आमच्याकडे गाडी आहे, पण तिथपर्यंत सायकलनं जावं लागते.” त्या गाडीला पूजेत नारळ मिळाला नव्हता, नुसती लिंबं.

तिसरी किरमिजी, आणि खरं सांगायचं तर ती चांगली होती. दारं उघडत, चावीनं सुरू होई, गार हवाही येई. गोपिका त्या गाडीत पाय लांब करून बसायची, गाणं लावायची, सुपारी कातरायची. खाप्याला तिच्या वडिलांनी, गोपाळरावांनी, जन्मभर मागावर लुगडी विणली. गाडी दाराशी आली तेव्हा ते आत बसले नाहीत. दार उघडून त्यांनी सीटच्या कापडावरून बोटं फिरवली, ताणून पाहिलं आणि म्हणाले, “पोत चांगला हाय.” ताराचंदला तेवढं वर्षभर पुरलं.

ती गाडी ताराचंदनंच मारली. रेडिएटरमध्ये पाणी घालायचं ते तो दुकानातल्या बोअरिंगचं घालायचा, कूलरच्या टाकीत घालायचा तेच. त्या पाण्यानं ताट्यांवर चुन्याचा पांढरा थर धरतो, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. दर सीझनला तो लोखंडी पट्टीनं खरवडूनच त्याची बोटं सोलत. पण टाकी वेगळी आणि गाडी वेगळी, असं त्याच्या मनानं धरलेलं. थर आत बसत गेला. वरून काही दिसलं नाही.

मग एका मे महिन्यात, सकाळी, गोपिकाच्या भावाचा प्रेमानंदचा फोन आला. “बाबा सिरियस हायेत. निघा लवकर.”

ते निघाले. कोराडीच्या पुढे इंजिनाच्या तापाचा काटा लाल रेघेला टेकला आणि पाटणसावंगीच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ आली. ताराचंद उतरला. त्या दिवसाचं त्याला आठवतं ते सगळं बॉनेटच्या आतलं: रेडिएटरचं झाकण उडालेलं, पाणी घातलं की तांबडं-पांढरं होऊन खालून येणारं, पोळलेला उजवा हात. अखेर एका ट्रॅक्टरवाल्यानं दोर लावून गाडी ओढत नेली. खाप्याच्या वेशीवर त्यांना कन्हान नदीच्या घाटावरून परतणारी माणसं भेटली. खांद्यावर ओले टॉवेल. प्रेमानंद पुढे होता. मेच्या उन्हात थांबता आलं नाही, एवढंच तो म्हणाला.

गोपिका ट्रॅक्टरमागच्या त्या गाडीतून उतरली ती पुन्हा ताराचंदच्या गाडीत बसली नाही. भांडली नाही, टोमणा नाही, रडून झाल्यावर एक शब्द नाही. किरमिजी गाडी भंगारात गेली. पुढच्या वर्षी ताराचंदनं ही चंदेरी आणली, तेव्हा गोपिकानं पूजेचं ताट पिंकीच्या हातात दिलं आणि स्वतः भाजी निवडत बसली. कुठं जायचं तर ती ऑटोनं जाई, खाप्याला बसनं. ताराचंदनं बसमध्ये तिच्या शेजारी बसायला हरकत नव्हती. पण तो गाडी काढायचा. आज ना उद्या ती मध्येच कुठंतरी बसमधून उतरेल आणि मागच्या गाडीत येऊन बसेल, आणि त्या वेळी मागे गाडी असायला हवी, एवढाच त्याचा हिशेब होता. सहा वर्षं तो बसच्या धुरात गाडी चालवत होता.

“बाबा, आई नाही बसत,” पिंकी म्हणायची. “विकून टाका.”

“चालते ना गाडी.”

“चालते हो. पण कोणासाठी?”

यंदा फाल्गुनात तुळसाबाईंच्या, म्हणजे ताराचंदच्या सासूच्या, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. प्रेमानंद आता कामासाठी बुटीबोरीला राहतो, तुळसाबाई खाप्याला एकट्याच. गुडघे गेलेले, बसची पायरी चढवत नाही. त्यांना गाडीनंच आणायला हवं होतं, आणि गाडी एकच होती.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. तुळसाबाई जावयाशी बोलत नाहीत. राग नाही, त्यांच्या पिढीत सासू जावयाशी तोंडातोंडी बोलत नसे, ती रीत त्यांनी सोडली नाही. ताराचंद हातभर अंतरावर जेवत असला तरी त्या पदर ओढून मुलीला म्हणतात, “सांग वं त्यायले, भाकर घ्या म्हणा.” लग्नाला बावीस वर्षं झाली, सासूचा आवाज ताराचंदनं असा वळसा घेऊनच ऐकला होता.

गोपिका आदल्या दिवशीच खाप्याला गेली होती. सकाळी ताराचंद गाडी घेऊन दाराशी आला. गोपिकानं आईला मागच्या सीटवर बसवलं, पाठीशी उशी दिली आणि स्वतःची पिशवी खांद्याला लावली.

“तू कुठं चालली वं?” तुळसाबाई म्हणाल्या.

“बसनं. तुमच्या पुढंच राहीन.”

“अन् मले रस्त्यात काही लागलं तं? कोणाले सांगू?”

“त्यायलेच सांग. तोंड हाय ना तुले.”

“अवं पण जावई हायेत ते!”

गोपिका घरात गेली आणि स्टीलचा गिलास आणि एक चमचा घेऊन आली. “घे. थांबाचं असन तं वाजव.” मग ताराचंदकडे न पाहता म्हणाली, “वाजलं का थांबजा.”

निघाले. पुढे बस, मागे गाडी, मागच्या सीटवर मांडीत गिलास धरून तुळसाबाई. ताराचंदला काहीतरी बोलावंसं वाटत होतं, पण बोललं तर सासूबाईंना उत्तर देता येणार नाही, उगाच अडचण, म्हणून तो गप्प. या गाडीत त्यानं कधी बोअरिंगचं पाणी घातलं नव्हतं. काटा मात्र पूर्वीपासूनच मेलेला. तो नाकानं आणि कानानं गाडी चालवत असे.

नाक सासूचं तिखट निघालं. पाटणसावंगी मागे पडली आणि गिलास खणकन वाजला. ताराचंदनं गाडी कडेला घेतली. आरशात पाहिलं, तर तुळसाबाई चमच्यानं बॉनेटकडे दाखवत होत्या. क्षणभरानं वाफ त्यालाही दिसली.

रबराचा पाइप लांबट फाटला होता. ताराचंदनं डिक्कीतून चिकटपट्टी आणली, गुंडाळली, पाणी ओतलं. पट्टी सुटली. बस केव्हाच वळणापलीकडे गेली होती. दवाखान्यात अकराला पोचायचं होतं. त्यानं दुसऱ्यांदा पट्टी गुंडाळायला घेतली तेव्हा मागून आवाज आला.

“जावईबुवा.”

तो इतका दचकला की डोकं बॉनेटला आपटलं. तुळसाबाईंनी दार उघडून पाय बाहेर सोडले होते. तोंड पदराआड, नजर पलीकडच्या संत्र्याच्या बागेवर.

“एक सांगाचं होतं तुमाले. पिंकी बोलली मले मांगं, आई त्या दिवसापासून गाडीत बसत नाही म्हणून. त्याच्या आधी मले वाटे, गाडी खराब हाय म्हणून बसत नसन.” त्या थांबल्या. “गोपीचे बाबा पहाटीच गेले होते. प्रेमानंदनं फोन केला तवा त्यायले खाली घेऊन झालं होतं. मीच म्हटलं, सिरियस सांग. पोरगी रस्ताभर रडत येईन, कायले? समदेच असं सांगतेत फोनवर. तुमची गाडी उडत आली असती तरी तिले बाप जित्ता नव्हता भेटत. उगीच तुमच्यावर आलं.”

एवढं बोलून त्यांनी पाय आत घेतले आणि दार ओढून घेतलं. बावीस वर्षांचं बोलणं एका दमात झालं होतं.

ताराचंद पट्टीचं भेंडोळं हातात धरून उभा राहिला. इतकी वर्षं खांद्यावर वाहिलेलं पोतं कोणीतरी मागून अलगद उचलावं, तसं त्याला झालं. गोपिकाला हे कळायला हवं. कळलं की झालं.

तेवढ्यात वळणावरून गोपिकाच चालत येताना दिसली. चालत कसली, पळतच. बसच्या मागच्या काचेत गाडी दिसेनाशी झाली तशी तिनं कंडक्टरला बस थांबवायला लावली होती. हातात पाण्याची बाटली. तिनं आधी मागचं दार उघडून आईकडे पाहिलं, मग बॉनेटकडे आली.

“गोपिका,” ताराचंद म्हणाला, “आई सांगून राहिल्या होत्या. तो फोन आला ना त्या दिवशी, तवा बाबा—”

“माहीत हाय मले.”

“काय माहीत हाय?”

“पहाटीच गेले होते. तेरवीच्या दिवशीच वहिनीनं सांगितलं.”

“मंग?” ताराचंदनं विचारलं.

“मंग काय? जित्ते नसते भेटले. तोंड तं पाह्यलं असतं.” ती बाटलीचं झाकण उघडत, लावत होती. “त्या दिवशी बस आली होती. मी हात दाखवला, थांबली बी. तुम्ही म्हणाले, दोन मिनिटं, झालंच. गेली बस. मंग दुसरी आली. तवा बी दोन मिनिटं. तुम्ही डोकं वर काढून पाह्यलंच नाही, बस हाय का मी हाय.”

ताराचंदच्या आठवणीत त्या दिवशी रस्त्यावर बस नव्हती. एकही नाही. त्यानं पुन्हा शोधून पाहिलं: झाकण, वाफ, हात. आणि मग बॉनेटच्या कडेला कुठंतरी, लांबून आल्यासारखा, गोपिकाचा आवाज: मी जाऊ का? आणि स्वतःचा.

वळणापलीकडून हॉर्न वाजला. मग पुन्हा. पाइपाला गुंडाळलेली पट्टी बरी धरलीशी वाटत होती. पाणी ओतलं, जरा दम धरला, तर गाडी बहुधा सुरूही झाली असती. ताराचंदनं पट्टीचं भेंडोळं बॅटरीवर ठेवलं आणि बॉनेट खाली पाडलं.

“बस उभी हाय ना? तुम्ही दोघी जा.”

“अन् आई चढन कशी?”

“मी चढवतो.”

तो वळणापर्यंत गेला आणि ड्रायव्हरला विनंती करून बस मागे घ्यायला लावली. खिडक्यांमधून डोकी बाहेर आली. “भाऊ, कूलर बसवा गाडीले!” एकजण ओरडला. ताराचंदनं मागचं दार उघडलं, वाकला आणि तुळसाबाईंना दोन्ही हातांवर उचललं. सासूला जावयानं उचललेलं त्या रस्त्यानं बहुतेक प्रथमच पाहिलं असेल. तुळसाबाईंनी पदर थेट हनुवटीपर्यंत ओढला आणि आतून ओरडल्या, “अवं गोपे, सांग त्यायले, मी पडन!”

“नाही पडत,” गोपिका म्हणाली. “मुकाट्यानं राह्य.”

कंडक्टरनं वरून हात दिला. पुढचा बाक रिकामा करून मिळाला. बस निघाली आणि ताराचंद बंद गाडीपाशी उभा राहिला. मागच्या काचेत आज कोणी नव्हतं. गोपिका पुढे आईजवळ बसली होती.

पाइप मिळवण्यात दुपार गेली. एका मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून तो सावनेरला गेला, पाइप घेऊन परत आला, बसवला. संध्याकाळी तो डोळ्यांच्या दवाखान्याच्या फाटकाशी पोचला तेव्हा ऑपरेशन आटोपलं होतं. तुळसाबाई काळा चष्मा लावून व्हीलचेअरमध्ये बसल्या होत्या, एखाद्या पुढाऱ्यासारख्या. गोपिका औषधांची पिशवी घेऊन शेजारी उभी होती.

“मावशी, कुठं जाचं? बसा ना,” एक ऑटोवाला पुढे झाला. गोपिकानं त्याच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे.

ताराचंद उतरला. त्यानं सासूबाईंना मागे बसवलं, चष्म्याला धक्का लागू न देता दार लावलं. समोरचं दार त्यानं उघडलं नाही; ते आपलं काम नाही, असं त्याला वाटलं. तो वळसा घालून आपल्या जागी बसला आणि चावी न फिरवता समोर पाहत राहिला.

“काय मावशी, येता ना?” ऑटोवाला म्हणाला.

“नाही रे बापू,” गोपिका म्हणाली. समोरचं दार उघडलं. तिनं सीटवर हात फिरवून धूळ झटकली, जरा जास्तच वेळ, आणि बसली.

“काच खाली होते का याची?”

“अर्धी होते. बाकीची हातानं दाबा लागते.”

तिनं हातानं दाबली. काच आणखी थोडी खाली गेली आणि अडली. गाडी सुरू झाली. चौकात सिग्नलला इंजिन एकदा थरथरलं.

“बंद पडली तं लगेच ऑटो करून देतो,” तो म्हणाला.

“पडू तं द्या पयले,” गोपिका म्हणाली, आणि चपला काढून तिनं पाय लांब केले.